न बदललेल्या बोर्डाचे 9,800 रुपये : फ्रीजच्या डिस्पेन्सरच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

आमच्या नाशिकच्या घरी दोन दारांचा, डाव्या दारात पाणी आणि बर्फाचा डिस्पेन्सर असलेला फ्रीज सहा वर्षांपासून आहे. गेल्या मे महिन्यात एका सकाळी पेला लावून आतली पट्टी दाबली, तर पाणी आले नाही. पाण्याचे बटण निवडले की त्याचा दिवा लागत होता, पट्टी दाबली की मागच्या बाजूने बारीक घरघर ऐकू येत होती, बर्फाचे बटण निवडले तर बर्फही नीट पडत होता. फक्त पाण्याचा थेंब येत नव्हता. बटण खराब झाले असावे, असे आम्ही धरून चाललो. या सगळ्या खुणा पुढे किती महत्त्वाच्या ठरणार होत्या, हे तेव्हा मला कळले नाही, म्हणूनच त्या इथे नीट नोंदवून ठेवत आहे.

मी बँकेत नोकरीला आहे आणि मार्चअखेरची कामे उरकून नुकती कुठे मोकळी होत होते. वॉरंटी कार्ड शोधायला वेळ नव्हता, म्हणून मोबाइलवर कंपनीचे नाव आणि 'कस्टमर केअर' असे लिहून शोधले आणि सर्वांत वर जो नंबर दिसला, त्यावर फोन केला. त्या ओळीवर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, हे मी पाहिलेच नाही. पलीकडच्या मुलीने कंपनीचे नाव घेऊनच नमस्कार केला, मॉडेल विचारले, पत्ता घेतला आणि दुपारपर्यंत माणूस येईल असे सांगितले. संशय यावा असे त्या संभाषणात काहीही नव्हते.

मी ऑफिसात होते. घरी माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एकटेच होते. त्यांचे वय 76 आहे. आलेल्या तंत्रज्ञाच्या गळ्यात ओळखपत्र होते आणि तो अतिशय अदबीने बोलत होता. त्याने पट्टी दोन वेळा दाबली, कान लावून आवाज ऐकला, फ्रीझरचे दार उघडून आतल्या बाजूला हात फिरवला आणि म्हणाला, "काका, बटणाचा बोर्ड गेलाय. आज बदलला नाही, तर कॉम्प्रेसरही जाईल." कॉम्प्रेसरचे नाव ऐकून अण्णा घाबरले आणि त्यांनी मला फोन लावला. बोर्डाची, म्हणजे फ्रीजची बटणे आणि इतर भाग चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची, किंमत 12,500 रुपये, पण आजच्या आज बसवला तर 9,800 रुपये, आणि भेटीचे 450 रुपये वेगळे, असे त्याने मला सांगितले. उन्हाळ्यात फ्रीज बंद पडण्याची भीती मलाही वाटली आणि मी होकार दिला.

त्यानंतर त्याने फ्रीज पुढे ओढला, मागे बसून काही वेळ काम केले, मध्येच अण्णांना जुने फडके आणायला आत पाठवले आणि काम झाल्याचे जाहीर केले. मात्र नवा बोर्ड 'सेट' व्हायला हवा, म्हणून फ्रीज पूर्ण बंद करून, फ्रीझर रिकामा करून, त्याचे दार सताड उघडे ठेवून पाच तास थांबावे लागेल, असे त्याने बजावले. रात्री फ्रीज सुरू केला आणि पाणी आले. जुना बोर्ड "कंपनीत जमा करावा लागतो" म्हणून त्याने बरोबर नेल्याचे अण्णांनी सांगितले. त्यांनी तो पाहिला नव्हता, बॅगेत ठेवला एवढेच ऐकले होते. फ्रीझरमध्ये वर्षभरासाठी भरून ठेवलेले आमरसाचे अकरा डबे त्या पाच तासांत वितळले आणि त्यांतले सात टाकून द्यावे लागले. तरीही दुरुस्ती झाली, या समाधानात आम्ही ते सोडून दिले.

नऊ दिवसांनी पाणी पुन्हा बंद झाले, खुणा अगदी त्याच. तो नंबर आता कोणी उचलत नव्हते. तेव्हा मी वॉरंटी कार्ड शोधून त्यावर छापलेल्या नंबरावर फोन केला. आमच्या मोबाइल नंबरावर कोणतीही तक्रार नोंदलेली नाही आणि त्या दिवशी आमच्या पत्त्यावर कोणालाही पाठवलेले नाही, असे तिथून स्पष्ट सांगण्यात आले.

मग शेजाऱ्यांच्या ओळखीचे, पंचवटीतले एक वयस्कर मेकॅनिक आले. त्यांनी आधी काहीही उघडले नाही. बर्फ पडतो का, एवढे विचारले आणि पडतो म्हटल्यावर म्हणाले, "ताई, पट्टी एकच आहे. तिच्यावर बर्फ पडतोय, म्हणजे पट्टीमागचा स्विच ठीक आहे आणि बोर्डापर्यंत सांगावा पोचतोय." मागून येणारी घरघर पाण्याच्या व्हॉल्व्हची, म्हणजे पाणी सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेची होती, म्हणजे बोर्ड व्हॉल्व्हला वीजही देत होता. त्यानंतर त्यांनी दाराच्या खालच्या बिजागरीपाशी असलेला पाण्याच्या नळीचा जोड सोडवला, त्याखाली पातेले धरले आणि मला पट्टी दाबायला सांगितली. पाण्याची धार थेट पातेल्यात पडली. फिल्टर, व्हॉल्व्ह, स्विच, बोर्ड सगळे शाबूत होते. पाणी अडत होते ते दाराच्या आतल्या नळीत, कारण त्या नळीत बर्फ झाला होता.

त्याचे कारणही त्यांनी दाखवले. आमरस लवकर गोठावा म्हणून मीच फ्रीझर उणे 23 अंशांवर ठेवला होता आणि नंतर तो आकडा बदलायचे राहून गेले होते. फ्रीझरसाठी उणे 18 पुरेसे असते. त्यात उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे माठाचेच पाणी पितात, त्यामुळे डिस्पेन्सरच्या नळीतले पाणी दिवसेंदिवस जागचे हलत नव्हते. फ्रीझरच्या दारातून जाणाऱ्या अरुंद नळीत असे साचलेले पाणी अतिथंडीत गोठते.

हे ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या पहिल्या माणसाला आजार अचूक कळला होता. दाराच्या आतून हात फिरवून त्याने नेमके तेच तपासले होते आणि पाच तास दार उघडे ठेवायला लावून उपायही बरोबर तोच केला होता. त्या उपायाचे त्याने सातशे-आठशे रुपये सांगितले असते, तर मी ते आनंदाने दिले असते. त्याने माझ्याकडून 9,800 रुपये घेतले ते एका अशा वस्तूचे, जी त्याने बदललीच नव्हती.

बदलली नव्हती, हे मी खात्रीने लिहीत आहे, कारण मेकॅनिककाकांनी माझ्या आग्रहावरून मागचे झाकण उघडून दाखवले. बोर्डावर सहा वर्षांची करडी धूळ थरासारखी बसलेली होती, वायरींच्या पांढऱ्या जोडांवरून ती सलग पसरलेली होती आणि एका कोपऱ्यात, बोर्ड आणि पत्रा यांच्यामध्ये, पालीच्या अंड्याचे कवच जसेच्या तसे चिकटलेले होते. एकही जोड काढून पुन्हा लावला असता, तर तिथली धूळ मोडली असती. मी त्याचे फोटो काढून ठेवले.

मग त्या पहिल्या माणसाने दिलेली पावती मी पहिल्यांदा नीट वाचली. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा 27 ने सुरू होतो. पावतीवरच्या क्रमांकात 14 च अक्षरे होती. यूपीआयने पैसे गेले होते तेही कोणा व्यक्तीच्या खात्यावर, कंपनीच्या नव्हे. रोज दुसऱ्यांचे व्यवहार तपासणाऱ्या मला हे त्याच दिवशी दिसायला हवे होते आणि त्याची खंत अजून जात नाही. अण्णांनी तर आठवडाभर स्वतःलाच दोष दिला, वस्तुतः होकार माझा होता.

1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तेव्हा व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक विचारला गेला. पैसे गेल्यानंतर लगेच फोन केला, तर समोरच्या खात्यातली रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते. आम्हाला दहा दिवस उलटून गेले होते. राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक 1915 वरही पावती आणि फोटोंसह तक्रार दिली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, पण त्यासाठी ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याचे नाव-पत्ता हाती असावा लागतो, आणि आमच्याकडे खोट्या पावतीखेरीज काहीच नाही.

ज्यांच्याकडे असा फ्रीज आहे, त्यांनी पाणी बंद झाल्यावर कोणालाही बोलावण्याआधी बर्फ पडतो का ते पाहावे. बर्फ आणि पाणी दोन्ही बंद असतील, तर डिस्पेन्सरच्या बटणांच्या पटलावर कुलपाचे चिन्ह दिसते का ते बघावे. मुलांच्या हातून ते कुलूप सहज लागते आणि बऱ्याच फ्रीजमध्ये कुलपाचे बटण तीन सेकंद दाबून धरले की निघते. पाणी हळूहळू कमी होत बंद झाले असेल, तर फिल्टर तुंबलेला असू शकतो. बोर्ड खरोखरच बदलावा लागला, तर जुना बोर्ड हातात घेऊन पाहावा, दोन्हींचे फोटो घ्यावेत आणि तो घराबाहेर जाऊ देऊ नये. घरी वडीलधारे एकटे असताना तर हे काम ठेवूच नये.

काकांनी केसांच्या ड्रायरची कोमट हवा देऊन नळी मोकळी केली, फ्रीझर उणे 18 वर आणला आणि 400 रुपये घेतले. आता रोज सकाळी दोन पेले पाणी डिस्पेन्सरमधून काढून आम्ही ते तुळशीला घालतो. पूर्वीचा तो नंबर बंद झाला आहे. काल रात्री मी मोबाइलवर तेच शब्द लिहून पुन्हा शोधले, तेव्हा सर्वांत वर तशीच जाहिरात होती, फक्त तिच्यातला नंबर वेगळा होता.