जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरवर बांधलेला गिटार अँप: आठ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात वाजवता वाजवता अँप गप्प झाला. मागून पाहिलं तर ईएल८४ या पॉवर व्हॉल्व्हच्या (आवाज मोठा करून स्पीकरला देणारी काचेची नळी) आतली जाळी लालभडक! झटक्यात प्लग काढला. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची गुंडाळी, तुटली होती. ती तुटून प्लेटचा (व्हॉल्व्हमधल्या बाहेरच्या पत्र्याचा) व्होल्टेज गेला की सगळा भार स्क्रीन ग्रिडवर, म्हणजे त्या जाळीवर, येतो आणि व्हॉल्व्हही हातचा जातो. माझा थोडक्यात वाचला.

हा ट्रान्सफॉर्मर जुन्या बाजारातून, रविवारी, वाळवीने खाल्लेल्या रेडिओसकट साडेचारशेला आणलेला. मेन ट्रान्सफॉर्मरही (घरच्या लाइनवरून सगळ्याला वीज देणारा) त्यातलाच, आणि त्याबद्दल एक तक्रार नाही. पूर्वी पाच व्हॉल्व्ह पेटवायचा, आता ईसीसी८३ (सुरुवातीचा छोटा व्हॉल्व्ह) आणि ईएल८४ मिळून हीटरला (आतली तापणारी तार) जेमतेम एक अँपिअर. दोन तास वाजवून हात ठेवला तरी कोमटच. (यूसीएल८२, यूएल८४ असे ‘यू’वाले व्हॉल्व्ह असलेला सेट यासाठी घेऊ नका. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी (धातूचा सांगाडा) थेट विजेच्या लाइनवर असते. जीव जाईल.)

सुरुवातीला घूंऽऽ फार होती. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सुटा धरून, स्पीकर जोडून, हातानेच फिरवत गेलो. मेनशी काटकोनात आल्यावर घूं विरली, तिथेच भोकं पाडली.

आता खरा मुद्दा. तुटलेला ट्रान्सफॉर्मर पेठेतल्या एका वायंडिंगवाल्याकडे दिला. तार बरोबर, वेढे बरोबर, वार्निश सुरेख. पण घरी लावला तर सहावी (सर्वांत जाड) तार छेडली की आवाज फाटतो, खर्ज नाहीच. उघडून बघतो तर कोरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, ई आणि आय आकाराच्या पट्ट्या एकाआड एक उलटसुलट भरलेल्या, मेन ट्रान्सफॉर्मरला भरतात तशा! ई आणि आयच्या मधली मूळची कागदाची पट्टी कचऱ्यात. परत गेलो तर म्हणाले, “साहेब, तीस वर्षं असेच भरतोय.” मी तिथेच भांडलो. एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या अँपमध्ये प्रायमरीतून सतत चाळीस-पन्नास मिलिअँपिअर डीसी वाहतो. कोरमध्ये फट नसेल तर लोखंड सॅच्युरेट होतं (आणखी चुंबकत्व घेऊच शकत नाही) आणि पहिला खर्ज मरतो. ती पट्टी म्हणजे ती फट!

शेवटी घरीच बसलो. सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, मध्ये खाकी लिफाफ्याची पट्टी, क्लँप घट्ट. सहावी तार छेडली आणि खोली भरून आवाज आला, अगदी पहिल्या दिवसासारखा.

‘जुना माल तो जुना माल’, म्हणजे जुनंच चांगलं, हे मीच सगळ्यांना सांगत होतो. ते आता मागे घेतो. तुटलेली प्रायमरी सोडवली तेव्हा केसासारखी तार एका ठिकाणी हिरवी पडून गळाली होती. इतक्या पावसाळ्यांची ओल तिने खाल्ली होती. लोखंड जुनं ठेवा, तांबं नवं घाला.

परवा वायंडिंगवाल्यांना अँप नेऊन ऐकवला. त्यांनी दोनदा वाजवायला लावला आणि पट्टी किती जाडीची ठेवली ते विचारून वहीत लिहून घेतलं.