भन्सारची पावती: एमएच-१३ गाडी घेऊन सोनौलीमार्गे नेपाळला

सोलापूरची खासगी गाडी नेपाळात नेता येते. व्हिसा लागत नाही, गाडीसाठी कार्नेसारखी महागडी हमी लागत नाही. सीमेवर नेपाळचे सीमाशुल्क कार्यालय दिवसाच्या हिशेबाने पैसे घेऊन गाडीला परवाना देते. तिकडे त्याला भन्सार म्हणतात. या सेवेला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. एक गुण कापला तो पावतीवरच्या तारखेसाठी, त्याबद्दल पुढे.

हा परवाना कमी दिवसांच्या फेरीसाठीच आहे. भारतीय खासगी गाडीला नेपाळच्या एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवस मिळतात, आणि ते वर्ष जुलैच्या मध्यावर, म्हणजे साउन महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होते. दहा दिवसांच्या रजेत ही मर्यादा आड येत नाही. आड येते ते अंतर. सोलापूर ते उत्तर प्रदेशातले सीमेवरचे सोनौली सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. तुळजापूरहून राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरायचा. लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करून पहिला मुक्काम नागपूर. दुसऱ्या दिवशी जबलपूर, रीवामार्गे प्रयागराज. तिसऱ्या दिवशी गोरखपूर, आणि तिथून सीमा शंभरेक किलोमीटर. संध्याकाळी पोचत असाल तर गोरखपूरलाच थांबा आणि सकाळी निघा. वाटेसाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घ्या, तिसऱ्या दिवशीही ती पहिल्या दिवसासारखीच लागते.

खरी तयारी सोलापुरातच करायची असते, आणि नेमकी तिथेच हयगय होते. पहिला कागद आरसी. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. मालक गाडीत नसेल तर त्याचे संमतिपत्र नोटरी करून घ्या, ते हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत जोडा. गाडी फर्मच्या नावावर असेल तर लेटरहेडवर सही-शिक्क्यासह पत्र हवे. आरसी आणि लायसन्स दोन्हींची मूळ कार्डे जवळ ठेवा. डिजिलॉकर आपल्या कायद्यात चालतो, नेपाळी वाहतूक पोलिसाने तो मानलाच पाहिजे असे बंधन नाही.

दुसरा कागद माणसांचा. १८ ते ६५ वयाच्या प्रत्येकाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावे. आधारवर विसंबून निघू नका. आजी-आजोबा पासष्टीच्या पुढचे असतील, मुले पंधराच्या आतली असतील, तर त्यांना आधार चालते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांचे ओळख प्रमाणपत्र घ्या.

तिसरा कागद विमा, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच. आपली नेहमीची मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळसाठी तिला भौगोलिक क्षेत्रविस्ताराची जोड घ्यावी लागते. मोटार विम्याच्या कागदांत हे कलम आयएमटी-१ नावाने येते. एजंटाला तोंडी सांगून भागत नाही. कंपनीकडे लेखी मागा, नेपाळचे नाव छापलेले एन्डोर्समेंट हातात पडू द्या आणि मगच निघा, म्हणून निदान पंधरा दिवस आधी लागा. सीमेवर हा कागद कोणी विचारेलच असे नाही, त्यामुळे बरेच जण तो टाळतात. पण बुटवलच्या घाटात समोरच्या मोटरसायकलला धक्का लागला, तर या कागदाशिवाय तो सगळा खर्च घरातून भरावा लागेल. रोडसाइड असिस्टन्स सीमेपलीकडे मिळते का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

आता प्रत्यक्ष सीमा. सोनौलीच्या अलीकडे मालट्रकांची लांबलचक रांग दिसली तरी घाबरू नका, ती आपली रांग नाही. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र आणि डिकी बघतात. सीमेवरची कमान ओलांडली की नेपाळचे बेलहिया. गाडी कडेला लावून भन्सारच्या खिडकीकडे जा. फॉर्म भरून देतो म्हणत एजंट मागे लागतील, पण त्यात अवघड असे काही नाही. मालकाचे नाव, गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, किती दिवस आणि कोणत्या नाक्याने परत जाणार, एवढेच लिहायचे असते. पाट्या देवनागरीत असल्याने मराठी माणसाचे सोपे होते. फक्त आकड्यांचे वळण आपल्यापेक्षा थोडे वेगळे दिसते.

पावती हातात आली की खिडकीशीच उभे राहून चासी नंबर आरसीशी ताडून बघा. तो सतरा अक्षरांचा असतो, आणि हाताने उतरवताना शून्याचा आठ किंवा पाचाचा एस सहज होतो. पुढच्या तपासणीत अशी चूक निघाली तर कागद दुसऱ्याच गाडीचा ठरतो.

मग तारीख. ती विक्रम संवतात असते, वर्ष आपल्या इंग्रजी सनापेक्षा ५६-५७ ने पुढे. मराठी माणूस इथेच हमखास चुकतो, कारण महिन्यांची नावे ओळखीची वाटतात. आपला मार्गशीर्ष चंद्रावर चालतो, त्यांचा मंसिर सूर्यावर: तो साधारण १६-१७ नोव्हेंबरला सुरू होतो. म्हणजे पावतीवर मंसिर २० लिहिले असेल तर ती डिसेंबरची पाच-सहा तारीख. शिवाय त्यांचा एखादा महिना ३२ दिवसांचाही असतो. म्हणून शेवटच्या दिवसाची इंग्रजी तारीख खिडकीवरच विचारा आणि पावतीच्या मागे पेनाने लिहून ठेवा. दिवस मागताना जायचा आणि यायचा दोन्ही धरा, आणि वर एक दिवस जास्तीचा घ्या. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर तोच दिवस वाचवतो. मुदत उलटली की दंड बसतो, गाडी अडकूही शकते.

पैशांचे सोपे आहे. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शंभराच्या नोटांची गड्डी न्या. दुकानात कोणी भाव सांगितला की आधी ‘आयसी की एनसी’ असे विचारायचे, म्हणजे भारतीय की नेपाळी. सीएनजीवाल्यांनी सगळा हिशेब पेट्रोलवर मांडावा, तिकडे सीएनजी पंपांची सोय नाही. फास्टॅगचाही उपयोग नाही.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. मात्र दारूच्या बाबतीत जराही सूट नाही. ‘मापसे’ तपासणी म्हणजे मादक पदार्थ सेवनाची तपासणी, ती रात्री रस्त्यात कुठेही होते. काठमांडू खोऱ्यात २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. सोलापूरच्या सात रस्ता चौकातली सवय इथे आवरावी लागते.

पावसाळ्यात जाऊ नका. नारायणगढ-मुगलिंग रस्ता त्रिशूली नदीच्या काठाकाठाने जातो, आणि जुलै २०२४ मध्ये तिथेच दरडीने दोन बस नदीत ढकलल्या. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूरपासून तराईपर्यंत, म्हणजे नेपाळच्या सपाट पट्ट्यापर्यंत, दाट धुके असते. दसैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या दिवसांत सरकारी कचेऱ्या बंद आणि सीमेवर घरी परतणाऱ्यांची गर्दी. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर किंवा मार्च सर्वांत बरा.

फक्त लुंबिनी बघायची असेल तर परवान्याच्या भानगडीत पडू नका. गाडी भारताच्या बाजूला पार्किंगमध्ये ठेवा, कमान पायी ओलांडा आणि भैरहवाहून बस किंवा टॅक्सी करा. लुंबिनी तिथून वीस-बावीस किलोमीटर आहे. पोखरा-काठमांडू करायचे असेल तरच भन्सार फायद्याचा. आणि परतताना बेलहियाला पुन्हा थांबून गाडी बाहेर पडल्याची नोंद करून घ्या. उतरणीला लागलेली गाडी थांबवायचा कंटाळा येतो, पण ती नोंद राहिली तर पुढच्या खेपेला याच गाडीचे दिवस मोजताना अडचण येते.