खिशातला मिनी लॅपटॉप की साधा १४ इंची?

सांगली मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभ्या उभ्या रेट टाकायचे असतील तर मिनीच भारी, कारण जीपीडी पॉकेट (२०१७ चं मॉडेल) बघा, ७ इंची स्क्रीन, वजन ४८० ग्रॅमच्या आसपास, यूएसबी-सीवर चार्ज होतो म्हणजे पॉवरबँक चांगली असली की एसटीत पण काम चालू. साध्या १४ इंचीचं वजन सहज दीड किलो, एसटीत उभं राहून तो उघडून दाखवाच.

पण मराठी टायपिंग? इथं मिनीची पार वाट लागते. इनस्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगचा सरकारी कीबोर्ड लेआउट) च, ट, य ही अक्षरं उजव्या बाजूच्या चिन्हांच्या बटणांवर आहेत, आणि मिनीत नेमकी तीच बटणं बारीक करून नाहीतर भलतीकडं हलवून बसवलेली असतात, मग 'यार्ड' लिहायला पण बोट चाचपडतं. एवढ्याशा स्क्रीनवर १९२० बाय १२०० रिझोल्यूशन म्हणजे एक्सेलचे आकडे मुंगीएवढे, झूम केलं की चारच कॉलम दिसणार. रॅम बोर्डालाच सोल्डर करून चिकटवलेली, नंतर वाढवायचं नाव नाही. बिघडला तर गावातला रिपेअरवाला हातच लावत नाही, साध्याचा कीबोर्ड मात्र बदलून मिळतो.

एकच घ्यायचा तर मी साधाच घेईन, तोही सेकंडहँड. मिनी ज्याचं निम्मं आयुष्य एसटीत जातं त्यानं घ्यावा.