कुकडीच्या काठाने एक दिवस: एका भूशास्त्रीय सहलीविषयी

पुण्यातील एका लहान संस्थेच्या 'नाणेघाट ते निघोज' या एकदिवसीय सहलीला डिसेंबरात जाऊन आलो. दख्खनचे पठार पायाखाली घेऊन समजून घ्यायचे असेल, तर ही सहल जरूर करावी. वेळेच्या आखणीबाबत मात्र माझी तक्रार आहे.

ठिकाणांची यादी उरकण्याऐवजी सहल एका नदीच्या मागे जाते, हे मला सर्वांत आवडले. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिले की पश्चिमेला कडा तुटून खाली कोकण दिसते. जवळच उगम पावणारी कुकडी नदी मात्र अरबी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते आणि घोड, भीमा व कृष्णा या नद्यांतून तिचे पाणी थेट बंगालच्या उपसागराला मिळते. पठार पूर्वेकडे कललेले आहे, हे शाळेत पाठ केलेले वाक्य मला तिथे कळले. मार्गदर्शकांनी शेजारच्या जीवधन किल्ल्याच्या कड्यातील आडवे थर दाखवले आणि सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा एकावर एक कसा पसरत गेला, ते सावकाश समजावले. घाटातील लेण्यातला सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख त्यांनी दोन मिनिटांत आटोपला, याचे थोडे वाईट वाटले.

पुढे रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये हातभर जाडीचा विटकरी पट्टा होता. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत खडक झिजून माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली, असे त्यांनी सांगितले. बोट फिरवले तर तांबडी भुकटी लागली. शेजारच्या खडकातील पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक होते. एका सहप्रवाशाने हातोडी काढताच मार्गदर्शकांनी ती काढून घेतली, हे योग्यच झाले.

जेवणाला सव्वा तास गेला आणि निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळग्यांसाठी, म्हणजे खडकात कोरल्या गेलेल्या रांजणासारख्या खड्ड्यांसाठी, जेमतेम 40 मिनिटे उरली, ही माझी तक्रार. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून लाव्हा थिजून झालेला कठीण बेसाल्ट खडक कसा कोरतात, ते पाहायला एवढा वेळ पुरत नाही. एका कोरड्या रांजणाच्या तळाशी असे लिंबाएवढे गोटे अजून पडून होते, तेवढेच निवांत पाहता आले. पुढच्या वेळी जेवणाचा डबा बसमध्येच द्यावा, असे संस्थेला कळवले आहे. खळग्यांच्या कडा गुळगुळीत आहेत, तेव्हा पकड असलेले बूट घालूनच जावे आणि लहान मुलांना नेऊ नये.