आरटीएक्स ४०५०चा लॅपटॉप आणि नंतर वाढवलेली रॅम-एसएसडी: वर्षभराच्या वापरानंतर

इंटिरियरच्या थ्रीडी कामासाठी घेतलेल्या या लॅपटॉपला आता वर्ष उलटून गेलं. मी गोरेगावला घरूनच काम करते. मुंबईतले वन बीएचके, टू बीएचके फ्लॅट, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे रेंडर (मॉडेलवरून तयार होणारी फोटोसारखी चित्रं), आणि अधूनमधून साइटवर जाऊन क्लायंटला दाखवणं, असं कामाचं स्वरूप. मशीन पाऊण लाखाच्या आसपास पडलं. इंटेलचा १३व्या पिढीतला आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि ६ जीबी मेमरीचं आरटीएक्स ४०५०, म्हणजे एनव्हीडियाची ग्राफिक्स चिप. लॅपटॉपच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं या किमतीतल्या कुठल्याही मशीनला लागू पडेल.

घेताना माझा हिशेब एवढाच होता की जे पुढे बदलता येतं ते सुरुवातीला कमी असलं तरी चालेल, पण जे आयुष्यभर तसंच राहणार आहे तिथे हात आखडता घ्यायचा नाही. ग्राफिक्स चिप मदरबोर्डला सोल्डर केलेली असते, ती पुढे बदलून मिळत नाही. कूलिंगचंही तेच. रॅम आणि एसएसडी मात्र स्लॉटमध्ये बसवलेल्या असतील तर कधीही वाढवता येतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न असा विचारला की रॅमचे स्लॉट किती आणि त्यातला रिकामा कुठला. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये रॅमच बोर्डवर सोल्डर केलेली असते. तिथे ८ जीबी घेतली की शेवटपर्यंत ८ जीबीच.

ग्राफिक्सबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही ताकदीवर बसवलेलं असू शकतं. बाहेरच्या स्टिकरवर नाव एकच, ६ जीबी मेमरीही तीच, पण ३५ वॅटचं मशीन आणि १०० वॅटच्या वरचं मशीन यांच्या रेंडरच्या वेळेत भरपूर अंतर पडतं. त्याच्या वरच्या पायरीवरच्या ४०६०चंही तसंच, त्यालाही ३५ ते ११५चीच मुभा आहे. त्यामुळे कमी वॅटचं ४०६० घेण्यापेक्षा पूर्ण वॅटचं ४०५० कित्येकदा बरं पडतं. विक्रेत्याला हा आकडा बहुधा ठाऊक नसतो. डिस्प्लेला ठेवलेल्या मशीनवर एनव्हीडिया कंट्रोल पॅनल उघडायचं, सिस्टम इन्फर्मेशनमध्ये जायचं, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेलं असतं. मी काउंटरवर उभं राहून तेच केलं आणि समोरचा मुलगाही मनापासून वाकून बघायला लागला.

व्हीरॅमचा, म्हणजे ग्राफिक्सच्या स्वतःच्या मेमरीचा अनुभव संमिश्र आहे. एका खोलीचा सीन, मोजके फर्निचर मॉडेल आणि २के टेक्श्चर (वस्तूंवर चढवायची पृष्ठभागाची चित्रं; १के, २के, ४के ही त्यांची वाढती बारकाई) असतील तर ६ जीबी निवांत पुरते. पूर्ण फ्लॅट एकाच फाइलमध्ये घेतला, पडदे, गालिचे, कुंड्यांमधली झाडं आणि सगळीकडे ४के टेक्श्चर टाकले की मेमरी काठोकाठ भरते आणि रेंडर एकदम रेंगाळतं. हल्ली मी कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या खोल्या बंद ठेवते आणि लांबच्या वस्तूंचे टेक्श्चर १के करते. काम भागतं, पण हा वेळ माझा जातो.

स्क्रीन १०० टक्के एसआरजीबीची घेतली, म्हणजे संगणकावरच्या नेहमीच्या रंगांचा पूर्ण पट्टा दाखवणारी. याच किमतीत ४५ टक्के एनटीएससीची (हे रंगांचं दुसरं माप, यात रंग बरेच कमी दिसतात) मशीन भरपूर मिळतात आणि त्यावर भिंतीचा टेराकोटा रंग मळकट विटकरी दिसतो. रंगाचं काम करणाऱ्यांनी यात तडजोड करू नये.

आता रॅम आणि एसएसडी. ८ जीबीत विंडोज, ब्लेंडर आणि ब्राउझर एकत्र चालत नाहीत, रखडतात. शिवाय ८ जीबीची एकच स्टिक असल्यामुळे रॅम सिंगल चॅनलवर चालत होती. दोन स्टिक बसवल्या की प्रोसेसरला दोन्ही वाटांनी डेटा मिळतो. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स नाही तिथे तर हा फरक नुसता डोळ्यांनी कळतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ह्याच रॅमवर जगतं. इंटेलच्या ११व्या-१२व्या पिढीच्या कित्येक मशीनमध्ये एकच स्टिक असेल तर आयरिस एक्सई असं नावसुद्धा दिसत नाही, साधं यूएचडी ग्राफिक्स दिसतं.

खरेदी लॅमिंग्टन रोडला केली. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चालत जाता येतं. रविवारी मात्र बरीच दुकानं बंद असतात. १६ जीबीच्या दोन डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) स्टिक आणि १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची एसएसडी, एवढी यादी होती. एका दुकानात एनव्हीएमई म्हणून चक्क साटा, म्हणजे जुन्या, हळू प्रकारची एसएसडी पुढे केली. दोन्हींचा आकार सारखाच, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. पण साटाचा वेग साधारण ५५० एमबी प्रतिसेकंदाला संपतो आणि जेन फोर (चौथ्या पिढीची) एनव्हीएमई सात हजारांपर्यंत जाते. ओळखायची सोपी खूण अशी की साटाच्या सोनेरी टोकाला दोन खाचा असतात आणि बहुतेक एनव्हीएमईंना एकच.

पलीकडच्या दुकानातले काका जाणकार निघाले. म्हणाले, "ताई, एक टीबीत सगळंच येतं. टीएलसी पाहिजे की क्यूएलसी, ते आधी बोला." टीएलसीत एका सेलमध्ये तीन बिट साठतात, क्यूएलसीत चार. क्यूएलसी स्वस्त असते आणि रोजच्या वापराला वाईट नाही, पण मोठं फोल्डर कॉपी करताना कॅश (तिच्यातली तात्पुरती वेगवान जागा) भरली की तिचा वेग पार कोसळतो. माझ्या प्रोजेक्टची फोल्डरं ४०-५० जीबीची असतात, म्हणून टीएलसीच घेतली. १ टीबीच्या बऱ्याच टीएलसी एसएसडींना पाच वर्षांची किंवा ६०० टीबी लिखाणाची वॉरंटी असते, जे आधी संपेल ते. म्हणजे रोज तीनशे जीबीहून जास्त लिहिलं तरच ती मर्यादा पाच वर्षांच्या आत गाठली जाईल. बिलाशिवाय थोडं स्वस्त देतो असं कुणी म्हटलं तरी जीएसटीचं बिल सोडू नका. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे एसएसडीची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर लावून पॉवर ऑन अवर्स, म्हणजे ती किती तास चालली आहे ते बघा. नव्या मालावर आकडा शून्याच्या जवळपासच पाहिजे.

बसवायचं काम मी घरीच केलं. खालचं कव्हर काढताना पुढच्या कडेचे स्क्रू आखूड आणि मागचे लांब निघाले. ते उलटसुलट लागू नयेत म्हणून एका कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवले. कडेचे लॉक जुन्या प्लॅस्टिक कार्डाने सोडवले. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं, मगच बाकीच्याला हात लावायचा. एसएसडी तिरकी सरकवून खाली दाबायची आणि छोट्या स्क्रूने बसवायची. रॅमही तशीच तिरकी घालायची, दोन्ही बाजूंचे क्लिप टक् करून लागेपर्यंत. डीडीआर५ बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते. मशीन नव्या रॅमची जुळवणी करत असतं. घाबरून पॉवर बटण दाबायचं नाही. आणि कव्हर उघडण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून वहीत उतरवून घ्या, भाग बदलल्यावर मशीन ती मागू शकतं. कव्हर उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, हेही कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवून ठेवलं होतं.

फरक लगेच कळला. फाइल उघडणं, टेक्श्चर लोड होणं, एकीकडे रेंडर लावून दुसरीकडे मेल बघणं, सगळं सुटसुटीत झालं. रेंडरचा वेग मात्र फारसा वाढला नाही, कारण ते काम ग्राफिक्सचं. रॅम टाकली की लॅपटॉप सगळ्याच बाबतीत पळेल अशी आशा ठेवून पैसे घालू नका.

तक्रारीही आहेत. बॅटरीवर ग्राफिक्सची ताकद निम्म्याहून खाली येते, त्यामुळे साइटवर प्लगशिवाय थ्रीडी वॉकथ्रू अडखळतो. ॲडॉप्टर विटेएवढा जड, आणि लोकलच्या गर्दीत ती पिशवी पुढे धरून उभं राहायचं म्हणजे खांदा भरून येतो. टाइप-सी चार्जरवर मशीन चालतं, पण फक्त मेल आणि ड्रॉइंगपुरतं. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. मागची बाजू दोन इंच उचलून ठेवली तेव्हा तापमान थोडं उतरलं. आमच्या गल्लीत रीडेव्हलपमेंटची कामं सुरू असल्याने पंख्यांत सिमेंटची बारीक पूड साचते, दर काही महिन्यांनी कव्हर काढून ब्रशने साफ करावीच लागते. पावसाळ्यात एसीतून बाहेर आल्यावर मी मशीन लगेच चालू करत नाही. आत ओल धरायची शक्यता असते.

आज घ्यायचं असेल तर एक गोष्ट बदलली आहे. २०२५ संपता संपता रॅमचे भाव भडकले, कारण कारखान्यांची बरीच क्षमता एआयच्या सर्व्हरकडे वळली. त्यामुळे कमी रॅमचं मशीन घेऊन नंतर वाढवू, हे माझ्या वेळेला जमलेलं गणित आता तपासूनच घ्या. १६ जीबीचं तयार मशीन आणि ८ जीबी अधिक सुटी स्टिक, दोन्हीचे भाव एकाच दिवशी काढा. पूर्ण फ्लॅटचे सीन करणाऱ्याला मी ८ जीबी व्हीरॅमचं, पूर्ण वॅटचं ४०६० घ्यायला सांगेन, मग एसएसडी ५१२ जीबीवर थांबली तरी हरकत नाही. एकेका खोलीचं काम असेल तर ४०५० पुरेसं आहे, आणि वाचलेल्या पैशात चांगली स्क्रीन बघा.