बंड्या 'डॉमिनंट' नव्हता, घाबरलेला होता

कोथरूडला आमच्या घरी येणाऱ्या ट्रेनर ताईंबद्दल लिहितोय. आधीच्या ट्रेनरने (नाव जाऊ दे) आमच्या कुत्र्याला, बंड्याला, बघताक्षणी 'डॉमिनंट' (म्हणजे वरचढ व्हायला बघणारा) ठरवलं आणि गुरगुरला की उताणा पाडून धरायला शिकवलं. आठवड्यात गुरगुरणं बंद. आम्ही खूश. मग एका संध्याकाळी त्याने अजिबात न गुरगुरता थेट माझ्या मनगटाला दात लावले.

ताईंनी पहिला तासभर त्याला हातही लावला नाही. मला भांड्याजवळून चालायला लावलं. "काका, आता बघा." खाता खाता बंड्या थिजला, मान खाली तशीच, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागला. "हा साहेब व्हायला बघत नाहीये. जेवण काढून घेतील म्हणून धास्तावलाय."

आक्रमकपणा म्हणजे वागणं: दात दाखवणं, चावणं. डॉमिनन्स म्हणजे दोन जनावरांमधलं नातं, अमुक गोष्टीवर आधी हक्क कुणाचा एवढंच. तो कुत्र्याचा स्वभाव नव्हे. 'अल्फा'चं, म्हणजे कळपाच्या म्होरक्याचं, खूळ बरंचसं १९४७ च्या शेंकेल यांच्या बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासातून आलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं.

आता जवळून जाताना मी भांड्यात उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकतो. (चिकन बंड्याला, आम्हाला वरणभात.) तीन आठवड्यांनी शेपूट हलली.

ताई वेळ पाळत नाहीत, दोष कायम कर्वे रस्त्याच्या ट्रॅफिकला. एक तारा त्यासाठी कापलाय.