मागच्या चाकाची गळती आणि न बदललेले बेअरिंग

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जाताना माझ्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपच्या मागच्या डाव्या चाकावर, टायरच्या आतल्या अंगाला, तेलाचा ओघळ दिसला. बोटाला ते दाट लागत होते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास होता. ते ब्रेक ऑइल नसून मागच्या एक्सलच्या हाऊसिंगमधले, म्हणजे त्याच्या बंद कवचातले, गिअर ऑइल आहे, इतपत मला समजले. त्यापुढचे मात्र मी वाटेतल्या एका गॅरेजवाल्यावर सोपवले.

त्याने चाक हलवून पाहिले आणि सांगितले, "साहेब, बेअरिंग गेलंय, तेच तेल अडवणारं सील खातंय. दोन्ही बाजूंची बेअरिंगं, सीलं आणि लायनर बदलावे लागतील, नाहीतर घाटात ब्रेक धरणार नाही." यातले शेवटचे वाक्य खोटे नव्हते, कारण गिअर ऑइलने भिजलेला लायनर, म्हणजे ब्रेकची घर्षणपट्टी, चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला पकडत नाही, आणि त्या खऱ्या वाक्याच्या भरवशावर मी आधीची सगळी वाक्येही खरी मानली. चहा घेऊन परतलो तेव्हा दोन तासांच्या आत काम आटोपले होते. झिजलेले एक बेअरिंग माझ्यासमोर धरून त्याने ११,८०० रुपये घेतले आणि चिठ्ठीवर फक्त 'मागचे काम' असे लिहून दिले.

नवव्या दिवशी तोच ओघळ पुन्हा आला. पुण्यातील ओळखीच्या मिस्त्रींनी या वेळी माझ्या देखत ड्रम उतरवून चाक फिरवणारा दांडा, म्हणजे एक्सल शाफ्ट, बाहेर ओढला. माझ्या गाडीत बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसवलेल्या कॉलरने, म्हणजे धातूच्या कड्याने, अडवलेले असते. ते काढायचे तर कॉलर फोडावी लागते आणि नवी कॉलर प्रेसवर दाबून बसवावी लागते. माझ्या शाफ्टवरची कॉलर जुनीच, गंजलेली होती आणि तिच्यावर छिन्नीचा एकही घाव नव्हता. त्या गॅरेजात प्रेस होता का, असे मिस्त्रींनी विचारले तेव्हा मला आठवले की तिथे एक जॅक आणि पाने यांपलीकडे फारसे काही नव्हतेच. सीलही जुनेच होते, त्याची ओठाची कड कडक होऊन चिरली होती आणि भोवती सिलिकॉनचा लेप फासलेला होता. लायनर तेवढे डाव्या बाजूचे बदलले होते.

गळतीचे मूळ तर वेगळेच निघाले. हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट, चिखलाने बुजला होता. गाडी चालताना तेल आणि आतली हवा तापून फुगते. तिला वाट मिळाली नाही की दाब सीलवर येतो आणि तेल तिथून बाहेर ढकलले जाते. त्यात गॅरेजवाल्याने तेल प्रमाणाबाहेर भरले होते. ते भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच हवे. बूच उघडताच माझ्या गाडीतून धार लागली. ब्रीदर साफ करून, नवे सील आणि पुन्हा तेलकट झालेले लायनर बदलून काम झाले. बेअरिंग दोन्हीकडची ठणठणीत होती.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. परंतु चिठ्ठीवर ना गाडीचा क्रमांक, ना सुट्या भागांची नावे. त्यामुळे माझ्या हाती पुरावा म्हणून मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद आणि मिस्त्रींनी काढायला लावलेले त्या कॉलरचे फोटो एवढेच आहे.